विश्लेषण : जुनी आलिशान ‘ऑफ-रोड’ एसयूव्ही घरच्या रोजच्या वापराला परवडते का?

वीस लाखांच्या आसपास बजेट ठरवून गाडी शोधणाऱ्यांच्या मोबाइलवर हल्ली दोन जाहिराती शेजारी शेजारी येतात. एक नव्या कोऱ्या मध्यम एसयूव्हीची. दुसरी दहा-बारा वर्षे वापरलेल्या लँड रोव्हर डिस्कव्हरीची किंवा रेंज रोव्हर स्पोर्टची. आकडा जवळपास सारखाच, पण दुसरी गाडी नवी असताना याच्या कितीतरी पट किमतीची होती. मन साहजिकच तिकडे ओढ घेते. प्रश्न डोंगर चढण्याचा नाही, ते ती लीलया करते. मुलांना शाळेत सोडणे, बाजारहाट, आजीला दवाखान्यात नेणे आणि रोजचे ऑफिस यासाठी ती चालेल का, हा खरा प्रश्न आहे.

डिस्कव्हरी ४ हेच उदाहरण का?

लँड रोव्हरची सुरुवात १९४८ची, शेतावर चालणाऱ्या ओबडधोबड गाडीपासून. रेंज रोव्हर १९७० मध्ये आली. या दोहोंच्या मधली, कुटुंबासाठीची गाडी म्हणून १९८९ मध्ये डिस्कव्हरी आणली गेली. म्हणजे ‘फॅमिली कार’ ही तिची मूळ ओळखच आहे. २००९ ते २०१६ या काळात बनलेली डिस्कव्हरी ४ ही त्यातली चौथी पिढी. सात जागा, आणि तिसऱ्या रांगेतही मोठ्या माणसाला बसता येईल अशा. मागची रांग पुढच्यापेक्षा उंच असल्याने मुलांना बाहेरचे नीट दिसते. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यावर पुण्यात काही मॉडेलची जुळणी सुरू झाली, त्यात २०११ची फ्रीलँडर २ पहिली. डिस्कव्हरी ४ मात्र पूर्ण बांधलेलीच आयात होत असे. जुनी गाडी घेणाऱ्याला या आयातीचा चटका पुढे कागदपत्रांत बसतो.

किंमत घसरते, मग खर्च का घसरत नाही?

गाडीची बाजारातली किंमत वयानुसार खाली येते. तिच्या सुट्या भागांची येत नाही. वीस लाखांना घेतलेल्या डिस्कव्हरीला लागणारा एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर किंवा गिअरबॉक्सचा भाग हा महागड्या गाडीचाच भाग असतो आणि त्याचे बिलही त्याच दर्जाचे येते. पहिल्या मालकाकडे गाडी वॉरंटीत होती. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येईपर्यंत वॉरंटी संपलेली आणि दुरुस्त्यांचे वय सुरू झालेले असते.

गंमत म्हणजे लोक सर्वात आधी विचारतात ते ‘ॲव्हरेज’. तोही हिशेब करू. अडीच टन वजनाची ही डिझेल गाडी शहरात लिटरला आठ किलोमीटर देते असे धरा. महिन्याला हजार किलोमीटर चालली तर १२५ लिटर, ९० रुपये भावाने ११,२५० रुपये. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी याच अंतराला सुमारे सहा हजार घेईल. फरक वर्षाला साठ-पासष्ट हजारांचा. डिझेलवरून ही गाडी नाकारण्यात फारसा अर्थ नाही, कारण एक मोठी दुरुस्ती निघाली तर त्याहून कितीतरी जास्त रक्कम एका दिवसात जाते. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता तर १५०० सीसीवरच्या कोणत्याही खासगी कारइतकाच, ७,८९७ रुपये आणि वर जीएसटी. या गाडीचा हा बहुधा एकमेव खर्च, जो शेजारच्या इनोव्हाएवढा आहे.

सोसायटीच्या आवारात ती मावते का?

महाराष्ट्राच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत कारच्या पार्किंगची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरलेली आहे. डिस्कव्हरी ४ची लांबी ४.८ मीटरच्या पुढे आणि रुंदी, आरसे मिटल्यावरही, सुमारे दोन मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून अर्धा मीटर उरतो. एका बाजूला खांब असेल तर दुसऱ्या बाजूचा दरवाजा अर्धाच उघडणार, आणि त्यातून लहान मुलाला सीटवर बसवून पट्टा लावायचा. २०१२ नंतरची मोठी रेंज रोव्हर तर ४,९९९ मिलिमीटर लांब आहे, जागेपेक्षा एक मिलिमीटर कमी!

मुंबई-पुण्यातल्या इमारतींत यांत्रिक स्टॅक पार्किंग असेल तर पॅलेटवर लिहिलेली वजनाची आणि उंचीची मर्यादा आधी वाचावी. सेडान डोळ्यासमोर ठेवून बसवलेल्या अनेक पॅलेटना अडीच टन आणि एक मीटर ८८ सेंटिमीटरची उंची झेपत नाही. गाडी घेतल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

वळायला तिला सुमारे साडेअकरा मीटर लागतात. जुन्या पेठेतल्या बोळात एका दमात वळण बसत नाही. उंच बॉनेटपुढचे लहान मूल चालकाला दिसत नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत सेन्सर आणि कॅमेरा चालू स्थितीत असणे ही चैन नव्हे, गरज आहे. दुसरीकडे उंच बसल्याने पुढचा रस्ता दूरवर दिसतो आणि तासभर ट्रॅफिकमध्ये अडकूनही पाठ दुखत नाही. हे सुख खरेच आहे.

हवेवरचे सस्पेन्शन : वरदान की डोकेदुखी?

दोन्ही. स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलली जाते. एक बटण दाबले की ती सुमारे पाच सेंटिमीटर खाली बसते आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला चढायला थोडे सोपे जाते. दुसरे बटण दाबले की वर उठते आणि खडकाळ वाटेवर पोट घासत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर ज्या मऊपणाने ती चालते, तो मऊपणा या फुग्यांचा.

पण फुगे रबराचे आहेत. आठ-दहा वर्षांत ते कडक होतात, बारीक चिरा पडतात, हवा गळू लागते. गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि शेवटी तोही जळतो. एका साध्या फुग्याकडे दुर्लक्ष केले तर दोन दुरुस्त्या पदरात पडतात. सोबत पुढचे लोअर आर्म आणि त्यांचे बुश. अडीच टनांचे वजन आणि आपले खड्डे यांच्यामध्ये ते बिचारे रोज कुटले जातात. आर्म-बुश ब्रेकपॅडसारखे झिजणारे भाग समजून अधूनमधून बदलण्याची तयारी हवी. १९ किंवा २० इंची टायरही साध्या कारच्या टायरपेक्षा बरेच महाग पडतात.

इंजिनाबद्दलची भीती कितपत खरी?

जगभरच्या मालकांमध्ये आणि गॅरेजवाल्यांमध्ये या गाडीच्या तीन लिटर व्ही-६ डिझेल इंजिनाचा क्रँकशाफ्ट तुटण्याचा विषय निघतोच. प्रत्येक इंजिनाचे तसे होत नाही. लाख-दोन लाख किलोमीटर विनातक्रार चाललेल्या गाड्याही आहेत. पण झाले तर दुरुस्ती होत नाही, इंजिनच बदलावे लागते, आणि तो खर्च गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो. कोणत्या गाडीचे होईल हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. त्यामुळे एकच पुरावा उरतो तो म्हणजे वेळेवर ऑइल बदलल्याच्या पावत्या. ‘गाडी डॉक्टरची होती, फार जपली’ हे वाक्य पावतीच्या जागी चालत नाही.

या इंजिनाला पुढच्या टायमिंग बेल्टशिवाय मागच्या बाजूला डिझेल पंपाचा वेगळा बेल्ट असतो. टर्बो बदलताना जागा मिळावी म्हणून बऱ्याचदा संपूर्ण बॉडी चॅसीवरून उचलतात. हे ऐकून पुढचा मेकॅनिक मजुरी किती लावेल याचा अंदाज यावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जर्मन झेडएफ कंपनीचा आणि मुळात मजबूत, पण ‘आयुष्यभर ऑइल बदलावे लागत नाही’ या समजुतीने अनेकांचा मारला जातो. खुद्द झेडएफ ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते.

२०२०नंतरची, बीएस-६ डिझेल गाडी पाहत असाल तर अडचण वेगळी. तिच्या सायलेन्सरच्या मार्गातला डीपीएफ काजळी अडवतो आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन तापल्यावर ती जाळून टाकतो. शाळा, किराणा आणि परत घर, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तेवढे तापतच नाही. काजळी साठत जाते आणि दिवा लागतो. रोजच्या शहरी वापरासाठी जुन्या डिझेलपेक्षा पेट्रोल बरे, असा सल्ला जाणकार मेकॅनिक देतात तो यामुळे.

दिल्लीची गाडी इतकी स्वस्त का मिळते?

राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधने आहेत. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. २०२५ मध्ये कारवाईत काही सवलत मिळाली, तरी जुन्या डिझेलला तिथे भाव उरलेला नाही. अशा गाड्या एनओसी घेऊन महाराष्ट्रात येतात.

आल्या म्हणजे झाले असे नाही. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इथला एकरकमी कर भरावा लागतो. आयात गाडीला महाराष्ट्रात कराचा दर जास्त असतो. त्यामुळे दिल्लीत वाचलेले पैसे आरटीओत जातील का, हे टोकन देण्याआधी विचारून घ्यावे. पंधरा वर्षे पूर्ण झाली की नोंदणीचे नूतनीकरण येते. साध्या कारला त्याचे शुल्क पाच हजार, आयात चारचाकीला ४० हजार. वीस वर्षांपुढे हेच अनुक्रमे १० हजार आणि ८० हजार. शिवाय पर्यावरण कर. २०११ची गाडी घेणाऱ्याच्या दारात हा खर्च उभाच आहे.

पावसाळ्यात तरी फायदा ना?

हो, पण अर्धाच. ही गाडी ७० सेंटिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते. हा आकडा नव्या, सगळे सील शाबूत असलेल्या गाडीचा आणि हळू चालवण्याचा आहे. हिंदमाता किंवा मिलन सबवेत साचलेल्या पाण्याखाली उघडे गटार आहे का, हे कोणताही कॅमेरा सांगत नाही. इंजिनात पाणी शिरून ते बंद पडले तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत इंजिनाचे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळे घ्यावे लागते आणि इतक्या जुन्या गाडीला ते देणारी कंपनी शोधावी लागते. झिरो डेप्रिसिएशनचेही तेच. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्या माणसाबरोबर जातो.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालण्याचा मोह तर पूर्ण सोडावा. गोव्यात त्याला बंदी आहे, कोकणातही पोलिस गुन्हे नोंदवतात. वाळूतून निघालीच तरी खारे पाणी खालच्या लोखंडात आणि वायरिंगच्या जोडांत काम करत राहते.

मग कोणाला चालेल?

घरात एकच गाडी असेल आणि रोज सकाळी ती सुरू होणे अत्यावश्यक असेल, तर नाही. एखादा भाग परदेशातून येईपर्यंत ती पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की मुलांच्या शाळेचे वेळापत्रक कोलमडते. एवढ्याच पैशांत जुनी फॉर्च्युनर कमी आरामात पण कमी चिंतेत चालते.

शहरातल्या फेऱ्यांना छोटी गाडी असेल, महिन्यातून दोन-तीनदा सहा-सात जण वरंध किंवा आंबा घाटातून गावी जात असतील, खालचा रस्ता लाल मातीचा असेल आणि या गाड्या हाताळणारे, निदान संगणक असलेले स्वतंत्र गॅरेज तासाभराच्या अंतरावर असेल, तर ही गाडी सार्थकी लागते. तेव्हाही खरेदीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला हवी. ती नसेल तर बजेट वीस लाखांचे नाही, सतरा लाखांचे आहे.

बघायला जाताना काय पाहावे?

आदल्या रात्रीपासून गाडी हलवू नका, असे विक्रेत्याला सांगावे आणि सकाळी थंड इंजिनावर जावे. चारही चाकांवरची उंची सारखी आहे का ते आधी पाहावे. एक कोपरा बसलेला असेल तर तिथला फुगा गळतो आहे. विक्रेत्याने आपण पोहोचण्याआधीच इंजिन चालू करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावे. सस्पेन्शनच्या सर्व उंची, लो-रेंज, इलेक्ट्रिक हँडब्रेक एकेकदा चालवून पाहावे. वर्षानुवर्षे मॉलच्या पार्किंगपलीकडे न गेलेल्या गाडीत लो-रेंज कधी लागलेलेच नसते.

गाडी पुरातली तर नाही ना, हे सीटखालच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा ओला वास आणि विम्याच्या जुन्या दाव्यांवरून कळते. स्वतःच्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्यावे. विक्रेत्याने नुकतेच कोड पुसले असतील तर तेही त्यात दिसते. कागदांत आरसीवरचे कर्ज फॉर्म ३५ देऊन उतरले आहे का, ई-चलन थकले आहे का, एप्रिल २०१९ आधीची नोंदणी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का, हे पाहावे. आणि चावी दुसरी आहे का, तेही विचारावे. नसेल तर ती बनवून घेण्याचा खर्च भावातून वजा करायला लावावा.