आईविना पिल्लांचे घर

सरडा सकाळी कुंपणावर उन्हात बसतो, कारण त्याला उन्हातून ऊब घ्यावी लागते. कोंबडीचे लहान पिल्लूही तसेच. त्याच्या अंगावर नुसती लव असते. पहिले तीन-चार आठवडे ते स्वतःचे अंग गरम ठेवू शकत नाही. आईच्या पंखाखाली त्याला ऊब मिळते.

आपल्या सातपुड्यात हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. तोरणमाळ तर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच! यंदा पौषात आमची पिल्लांवाली कोंबडी रानमांजराने नेली. मागे दहा पिल्लं राहिली. मग आई व मी त्यांना घर केले.

घराला बांबूचा मोठा गोल हारा घेतला. गोलच का? चौकोनी खोक्यात पिल्लं थंडीने कोपऱ्यात गोळा होतात आणि खालची गुदमरून मरतात. तळाला भाताचे कोरडे तूस दोन बोटे पसरले. वर आडवी काठी टाकून तिला साठ वॉटचा दिवा घट्ट बांधला. दिवा तुसाला किंवा हाऱ्याला टेकता कामा नये, आग लागते.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करायची. म्हणजे दिवा थोडा थोडा वर घ्यायचा. तापमापी नसली तरी चालते, पिल्लंच सांगतात! दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट केला, तर त्यांना थंडी वाजते. चोच उघडी टाकून लांब पळाली, तर फार गरम होते. सगळीकडे पांगून दाणे टिपत असली, तर ऊब बरोबर आहे.

वीज गेली तर? आम्ही बाटलीत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवत असू. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवू नये, धुराने पिल्लं आणि माणसंही दगावतात. वरून पोते टाकले तरी हवेला फट ठेवावी.

पाणी उथळ ताटलीत द्यावे व त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. ओले तूस रोज काढावे.

दहापैकी नऊ पिल्लं जगली. आता त्यांना पिसे आली आहेत.

पालकांनो, एक विनंती. २००६ साली आपल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून पटापट कोंबड्या मरू लागल्या तर त्यांना हात लावू नका, लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवा. आणि पिल्लांना हात लावल्यावर आम्हा मुलांना साबणाने हात धुवायला सांगा.