पुट्टीखालचा पत्रा

सकाळी साडेसहा
पाऊस थांबलाय तोवर अंगणातल्या शेडमध्ये शिरलो. हातात बॅटरी, मऊ शिशाची पेन्सिल आणि पातळ कागद. आमची फियाट ११०० सोळा वर्षं एका जागी उभी आहे. १९७० चं मॉडेल, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातलं. हीच गाडी पुढे पद्मिनी झाली. वडील गेल्यावर कुणी चावी फिरवली नाही. मात्र दर दसऱ्याला हार घातला.

बॉनेट उघडून इंजिन नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. मग चेसिस नंबर. आरटीओवाले घेतात तशीच प्रिंट. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. मुख्य अट: गाडी मूळ रूपात हवी. गॅरेजमधून ती दुसरंच इंजिन पोटात घेऊन परतली, तर माझ्याकडे उरेल नुसता फियाटच्या आकाराचा डबा.

सव्वाआठ
मामा आले. मामा मायकोच्या टूलरूममधून निवृत्त झालेत. कंपनीचं नाव बॉश झालं त्याला जमाना लोटला, पण मामांच्या तोंडी अजून मायकोच आहे. डिझेलच्या नोझलची सुई मायक्रॉनमध्ये मापण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ‘अंदाजे’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. आमच्या फ्रिजवरचं चुंबक काढून त्यांनी रुमालात गुंडाळलं.

“हे कशाला?”

“अरे, रंगाला ओरखडा नको पडायला.”

साडेनऊ
पहिलं गॅरेज हमरस्त्यावर. काचेची केबिन, भिंतीवर बक्षिसांचे फोटो, दारात लालभडक पद्मिनी. तोंड दिसावं इतकी चकाकी. मालकाशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता मामांनी रुमालातलं चुंबक दरवाजावर लावलं. वर घट्ट बसलं. हात खाली सरकवला तसं ते सुटून थेट त्यांच्या तळव्यात पडलं. लोखंडी पत्र्याला चुंबक चिकटतं, दोन बोटं जाड पुट्टीला कसं चिकटणार? दरवाजाच्या तळाशीच पाणी साचतं, तिथेच पत्रा कुजतो आणि तिथेच पुट्टी भरली जाते. मामा काही बोलले नाहीत. चुंबक खिशात गेलं.

मालक रंगात आले होते. “शेठ, जुनं इंजिन काढूनच टाका. मारुतीचं बसवू, एसी देऊ, पॉवर स्टिअरिंग देऊ. तीन महिन्यांत गाडी दारात. सत्तर टक्के आगाऊ.”

गाडी न बघताच तीन महिने! काम चालू असलेल्या गाड्या बघायच्या आहेत म्हटल्यावर मागच्या शेडची किल्ली सापडेना.

अकरा
दुसऱ्या ठिकाणी किल्लीचा प्रश्नच नव्हता, कारण दारच नव्हतं. मालक लाख माणूस. फियाटचा विषय निघाला आणि त्यांचे डोळे चमकले. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटबद्दल अर्धा तास इतकं सुरेख बोलले की मी मनातल्या मनात गाडी त्यांना देऊनही टाकली.

मामा तेवढ्यात मागे जाऊन आले. “अकरा गाड्या उघड्या आहेत,” ते हळूच म्हणाले. मीही गेलो. एका स्टँडर्ड हेरल्डच्या जमिनीतून एरंड वर आला होता. नट, बोल्ट, पट्ट्या, हँडल सगळं सिमेंटच्या गोण्यांत, आणि गोणीवर गाडीचं नाव नाही. अँबॅसिडरची ग्रिल जीपच्या सीटवर पडलेली. स्टुलावर एक गृहस्थ चहा पीत बसले होते. हेरल्ड त्यांचीच.

“किती दिवस झाले?”

“चार वर्षं. माणूस फार चांगला आहे हो,” ते म्हणाले. “म्हणून तर भांडता येत नाही.”

जुन्या गाडीच्या नादात फसवणारा माणूस परवडला, असं मला तिथे वाटून गेलं. त्याच्यावर निदान रागावता येतं. ज्याला खोलण्याची हौस आहे आणि जोडण्याचा कंटाळा, त्याच्याकडची गाडी चोरीला जात नाही, तुटतही नाही, फक्त परत येत नाही.

दीड
डबा खाल्ला. मग सातपूरला बोरिंगचं वर्कशॉप. तिथे मामांचा एक जुना सहकारी काम करतो. आमच्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. ब्लॉक झिजला असेल तर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात. तीही सोय संपली असेल तर स्लीव्ह बसवायची. म्हणजे मूळ इंजिन टाकून द्यायचं कारण नाही. निघताना मामांनी विचारलं, “जुन्या फियाटचे ब्लॉक तुमच्याकडे कोण आणतं?” एकच नाव मिळालं. उधारी थकवत नाही, ही माहिती न विचारता मिळाली.

साडेतीन
देवळालीच्या वाटेवरचं साधं पत्र्याचं शेड. पाटी नाही. उस्ताद एका पद्मिनीखाली आडवे. बाहेर आले, हात पुसले, पण हातात हात दिला नाही, मनगट पुढे केलं.

आत गाड्या तीनच. भिंतीला फळी, फळीवर श्रीखंडाचे रिकामे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी: ‘डावा दरवाजा, वरची बिजागरी’, ‘वायपर’, ‘डेल्को’. एका डब्यात कापून काढलेला गंजका तुकडा. “हा कशाला ठेवलाय?” मी विचारलं. “मालकांना दाखवायला. काय कापलं ते त्यांनी बघायला नको?”

मामा त्या पद्मिनीच्या दाराच्या मोकळ्या चौकटीपाशी थबकले. चौकटीत लोखंडी अँगल आडवा टाचून ठेवला होता. या गाड्यांना वेगळी चेसिस नसते. बॉडी हाच सांगाडा. दाराखालचा बॉक्स कुजला म्हणून आधार न देता कापला, तर गाडी मधोमध किंचित वाकते आणि पुढे जन्मभर दरवाजे नीट लागत नाहीत. मामांनी खिशातून टेप काढून चौकटीचे दोन्ही कर्ण मापले. दोन्ही बाजूंचे. मग दिवसात पहिल्यांदा हसले.

“खर्च किती येईल?” मी विचारलं.

“गाडी बघितल्याशिवाय कसं सांगू?”

“आणि रंग?”

“आत्ता पावसात नाही मारणार. जुन्या पद्धतीचा ड्यूको दमट हवेत धुरकटतो, पांढरी झाक येते. पत्र्याचं काम आत्ता, रंग दिवाळीनंतर. घाई असेल तर दुसरीकडे बघा साहेब.”

साडेपाच
उस्ताद स्वतःच्या मोटरसायकलवरून घरी आले. चटई काढायला लावली, पेचकस उलटा धरून जमीन ठोकत गेले. टण, टण, टण, आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली एकदम थप्प. पेचकस आरपार. माझ्या पोटात कालवलं. “हे जाणार,” ते म्हणाले, “पण डॅशबोर्डचा रंग मूळचा आहे, त्याला हात लावायचा नाही.”

जुन्या गाड्यांची ‘फिवा’ नावाची जागतिक संघटना आहे. तीस वर्षांवरच्या गाडीला ती ऐतिहासिक मानते. तिच्या तुरीनच्या सनदेत हेच आहे: नवं करण्याआधी जपा. उस्तादांना सांगितलं तर म्हणाले, “असेल. पण नवा डॅशबोर्ड मिळतो कुठे?”

व्यवहार मामांनी ठरवला. पत्रा, इंजिन, वायरिंग, रंग असे चार हप्ते. आधीचा टप्पा बघूनच पुढचे पैसे. काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत. उस्तादांनी आपली एक अट घातली: इंजिन उघडल्यावर खर्च वाढला तर फोन करीन, तुम्ही यायचं आणि डोळ्यांनी बघायचं. फोनवर हो म्हटलेलं चालणार नाही.

साडेसात
मी बॅटरी धरली आणि उस्तादांनी शाळकरी वहीत गाडीतल्या वस्तूंची यादी लिहिली. दोन प्रती, मध्ये कार्बन. हबकॅप चार, एकाला पोचा. जॅक एक. आरसा, तडा गेलेला. मागची सीट उचलली तर खाली एक पेन, वाळलेली झेंडूची फुलं आणि पाच पैशांचं नाणं. तेही लिहिलं: ‘नाणं, ५ पैसे, १ नग.’

आईने कागद चष्म्याशी धरून सावकाश वाचला. “पेन राहिलं यात,” ती म्हणाली.

उस्तादांनी दोन्ही प्रती परत घेतल्या आणि पेन लिहिलं.