शिरोरेषा जुळली की नाव लागलं

जालना म्हटलं की लोकांना लोखंडी सळया आठवतात, बियाणं आठवतं, मोसंबी आठवते. लाकडाचं काम इथं गावोगावच्या सुताराचं. माझे आजोबा अंबड तालुक्यात बाभळीच्या तिफणी, वखर, बैलगाड्या करायचे, आणि कुणाच्या घरी लेकरू उभं राहायला लागलं की पांगुळगाडा. तिफण आता लोखंडाची झाली, ट्रॅक्टरमागे गेली. पांगुळगाडा मात्र अजून मागतात. त्याच्या जोडीला आता नवी मागणी येते ती बाळाच्या नावाच्या तक्त्याची. नावाची अक्षरं लाकडात कापून सुटी करायची आणि मुलानं ती ज्याच्या त्याच्या घरात बसवायची. शहरातली माणसं त्याला नेम पझल म्हणतात.

बाजारात मिळतात ते बहुतेक इंग्रजी. त्या लिपीत प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं, कापणं सरळ. मराठी नावाला तोच साचा लावला की नावाची मोडतोड होते. काना एका तुकड्यात, वेलांटी दुसऱ्यात, अनुस्वाराचं टिंब तिसऱ्यात, असे तक्ते मी पाहिलेत आणि मला ते मुळीच पटत नाहीत. मूल ‘शि’ एका दमात म्हणतं. त्याच्या हातात वेलांटी वेगळी आणि ‘श’ वेगळा दिला, तर वेलांटी आधी ठेवायची आणि वाचायची मात्र नंतर, हे त्यानं कसं समजून घ्यायचं? म्हणून तोंडातून एका वेळी जेवढं निघतं, तेवढा एक तुकडा.

‘मुक्ता’ हे नाव घ्या. तुकडे दोनच, ‘मु’ आणि ‘क्ता’. जोडाक्षर फोडायचं नाही. दोन तुकड्यांचं कसलं कोडं, असं आईबाप म्हणतात. पण दोन वर्षांच्या मुलाला तुकडा फिरवून नेमका आत उतरवायला बराच वेळ लागतो, आणि तो वेळ त्याच्या बोटांच्या कामाचा असतो. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी मी अक्षरांच्या आकाराची घरं कापतच नाही. नुसती चौकट करतो आणि तिच्या तळावर एक लाल रेघ ओढतो. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची शिरोरेषाही लालच. अक्षरांची डोकी त्या रेघेवर ओळीनं लागली की सलग शिरोरेषा तयार होते. तुकडा उलटा पडला तर लाल रेघ खाली येते आणि मूल आपणच तो उचलतं, कुणाला सांगावं लागत नाही.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या साधनांत चूक मुलाला हातातल्या वस्तूवरूनच कळते, आणि पाटीवर चिकटवलेली काचकागदाची अक्षरं बोटानं गिरवता येतात. आपल्याकडे धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवत पिढ्या शिकल्या, तेही बोटानंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली ती आजूबाजूला सापडणाऱ्या वस्तूंतून साधनं करून. त्यामुळे मला वाटतं, मराठी अक्षरांचा तक्ता गावच्या सुतारानं गावातच करावा.

लाकूड मी शिवणीचं घेतो. हलकं असतं, फारसं वाकत नाही, कानशीखाली मऊ चालतं. एमडीएफ घेऊ नये. मुलाची लाळ लागली, पाणी लागलं की कडा फुगतात. अक्षरासाठी बारा मिलिमीटर जाड फळी आणि घरासाठी सहा मिलिमीटरचा प्लाय, खाली पातळ प्लायचा तळ. अर्धं अक्षर वर राहतं, त्यामुळे धरायला वेगळी मूठ लावावी लागत नाही आणि ती निखळायची भीतीही राहत नाही.

कागदावर अक्षर जाड काढावं. ‘मु’चा उकार जिथं दांडीला चिकटतो ती मान सगळ्यात नाजूक. लाकडाचे रेषे तिला आडवे गेले तर ती पहिल्या आपटण्यातच तुटते, म्हणून रेषे मानेच्या लांबीतून जातील असं अक्षर फळीवर मांडायचं. मग बारीक पात्याच्या करवतीनं, घाई न करता, पातं उभं धरून कापायचं. ‘क’च्या पोटातलं भोक पाडायचं असेल तर गिरमिटानं छिद्र करून पातं त्यातून ओवावं लागतं, लहान अक्षरात मी ते पोट नुसतं रंगवतो. कडा काचकागदानं इतक्या घासायच्या की गालावरून फिरवल्या तरी टोचू नयेत. शेवटी घासलेलं अक्षर प्लायवर ठेवून भोवती रेघ मारायची आणि घर त्या रेघेच्या किंचित बाहेरून कापायचं. रंगाचाही थर जागा खातो.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला प्रत्येक तुकडा घशात न जाण्याइतका मोठा हवा. तपासणीसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी असते. तिच्यात अख्खा मावेल असा तुकडा चालत नाही. ‘ओंकार’मधलं टिंब सुटं दिलं तर ते नेमकं त्या मापाखाली येतं. मी ते अक्षराच्याच लाकडात ठेवतो. १ जानेवारी २०२१पासून विकायच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण सूट कागदाला आहे, मुलाच्या घशाला नाही.

रंगाचं काम मला सगळ्यात जपून करावं लागतं, कारण तक्ता आधी तोंडात जातो. घरात उरलेला जुना ऑइलपेंटचा डबा कधीही वापरू नका. नोव्हेंबर २०१७पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत नव्वद भाग ठरली; त्याआधीच्या डब्यात किती शिसं असेल कोण जाणे. खेळण्यांसाठीचा म्हणून विकला जाणारा पाण्याचा रंग आणावा, पातळ दोन हात द्यावेत आणि पूर्ण वाळू द्यावा. हळदीचा पिवळा सुरेख चढतो, पण उन्हात उडतो. पळसाच्या फुलांचंही तसंच. चन्नपट्टणच्या खेळण्यांसारखी लाखेची चकाकी अनेकांना हवी असते, मात्र ती चरकावर फिरत्या लाकडाला लाख घासून, घर्षणाच्या उष्णतेनं चढते; सपाट अक्षराला ती तशी देता येत नाही.

ज्यांना लाकडाचे रेषे दिसायला हवे असतात त्यांना मी जवसाचं तेल सांगतो. आपल्या भागात रब्बीत जवस होतोच, घाण्यावर तेल मिळतं. ते हवेत वाळून घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल मात्र चिकट राहतं आणि खवट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘उकळलेलं’ जवसाचं तेल घेऊ नका, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असू शकतात. तेल पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर मोकळं पसरावं.

मूल चार वर्षांचं असेल तर रंग त्यालाच द्यायला लावा. शिरोरेषा तेवढी आपण लाल करावी, बाकी अक्षर त्याच्या मर्जीचं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, लाकूड आकसतं आणि अक्षरं घरात खुळखुळतात. जूनमध्ये हवा दमट झाली की तीच अडकून बसतात. म्हणून तक्ता नेणाऱ्याला मी सांगतो, पहिल्या पावसात तो एकदा दुकानात घेऊन या. कानशीचे दोन हात मारून, घासलेल्या जागी पुन्हा रंग लावून देतो. त्याचे पैसे घेत नाही.