जुन्या सायकलला नवा करंट!

ऑफिसला सायकलने जायचंय, पण घामाघूम होऊन मीटिंगला बसायचं नाहीये? घरातल्या सायकलला मोटर लावता येते. फक्त दुकानात शिरण्याआधी थोडं गणित करा, म्हणजे सेल्समन तुमचं गणित करणार नाही.

दर १ जानेवारीला आपण हमखास ठरवतो की या वर्षी ऑफिसला सायकलने जायचं. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो. दुसऱ्या आठवड्यात चढ आठवतो. तिसऱ्या आठवड्यात सायकल पुन्हा पार्किंगमध्ये, सीटवर धूळ आणि हँडलला कुणाची तरी पिशवी!

माझं ऑफिस बाणेरला आणि घर कोथरूडला. जाऊन-येऊन बावीसेक किलोमीटर. सपाट रस्त्याचं काही वाटत नाही, पण चांदणी चौकाचा चढ भल्याभल्यांचा इस्त्री केलेला शर्ट घामाने भिजवतो. नवीन ई-सायकल घ्यायची, तर माझी सहा वर्षं जुनी, स्टीलच्या फ्रेमची सायकल ठणठणीत आहे. मग म्हटलं, हिलाच करंट देऊ या. किटचा शोध सुरू केला आणि पहिल्याच दुकानात प्रश्न आला, "ताई, २५० वॅट देऊ की ५००? ५०० घ्या, पळेल मस्त!"

इथेच थांबा, बॉस. मोटर किती वॅटची हा पहिला प्रश्नच नाहीये.

आधी कायदा, मग वॅट

केंद्रीय मोटर वाहन नियमांप्रमाणे पॅडल-असिस्ट सायकलच्या मोटरची पॉवर २५० वॅटपेक्षा कमी हवी. ही पॉवर म्हणजे मोटर सलग ३० मिनिटं देऊ शकते ती. शिवाय वेग ताशी २५ किलोमीटरला पोचला किंवा तुम्ही पॅडल मारणं थांबवलं, की मोटरची मदत बंद व्हायला हवी. चांगले ब्रेक आणि रिफ्लेक्टरही हवेत. या अटी मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेल्या असल्या, तरच तुमची सायकल 'मोटर वाहन' ठरत नाही. मग लायसन्स नको, नंबर प्लेट नको. आपल्या टेकडीवरची एआरएआय ही अशीच एक संस्था. त्यामुळे किटवाल्याकडे सर्टिफिकेट जरूर मागा.

५०० वॅटची मोटर लावली, की कायद्याच्या नजरेत तुम्ही विनानंबर, विनाइन्शुरन्स गाडी चालवताय. एरवी कुणी विचारणार नाही कदाचित, पण कुणाला धक्का लागला तर? तेव्हा सगळेच विचारतील.

२५० वॅट पुरतात का?

माझा अगदी हाच प्रश्न होता. कॉलेजचं फिजिक्स थोडं बाहेर काढलं. मी, सायकल, किट आणि लॅपटॉपची बॅग मिळून ९० किलो धरा. ५ टक्के चढ, म्हणजे १०० मीटर जाताना ५ मीटर वर. हा चढ ताशी १५ किलोमीटरने चढायला चाकापाशी साधारण २४० वॅट लागतात. आपल्यासारखा डेस्कवर बसणारा माणूस आरामात १०० वॅट देतो. उरलेले १४० मोटरने द्यायचे. म्हणजे २५० ची मोटर पुरून उरते! मोटर नसेल तर त्याच १०० वॅटमध्ये तोच चढ ताशी ७ किलोमीटरने चढावा लागतो. रमतगमत, पण घाम गाळत.

अट एकच, पाय हलवायचे. पॅडल न मारता नुसता थ्रॉटल पिळायचा असेल, तर स्कूटरच घ्या की!

हब की मिड?

मोटरचे मुख्य प्रकार तीन.

गिअर्ड हब: मोटर चाकाच्या मधोमध बसते, आत छोटे गिअर असतात. वजन साधारण तीन किलो. बॅटरी संपली तरी चाक मोकळं फिरतं. शहरातल्या रोजच्या ये-जा करण्यासाठी बेस्ट.

डायरेक्ट ड्राइव्ह हब: आत गिअर नाहीत, त्यामुळे आवाज नाही आणि झिजायला फारसं काही नाही. पण वजन जवळपास दुप्पट आणि मोटर बंद असताना चाक जड लागतं. उतारावर थोडी वीज परत बॅटरीत भरता येते, पण हलक्या सायकलवर ती कमाई किरकोळच.

मिड-ड्राइव्ह: मोटर पॅडलपाशी बसते आणि सायकलचेच गिअर वापरते. म्हणून तीव्र चढावर हिला तोड नाही. पण महाग, आणि चेन लवकर झिजते. शिवाय पॅडलचा दांडा जिथे बसतो, त्या नळीचं माप जुळायला हवं. नेहमीच्या मिड-ड्राइव्ह किटना ६८ किंवा ७३ मिलिमीटरची नळी लागते. आपल्या साध्या सायकलींत हे आधी मोजून घ्या.

रोज घाट चढणार असाल तर मिड, बाकीच्यांना गिअर्ड हब. मी गिअर्ड हब घेतला, तोही मागच्या चाकात. आमचे सायकलवाले काका म्हणाले होते, "पुढच्या चाकात बसवू, ताई. पटकन होतं." पण माझा पुढचा फोर्क अॅल्युमिनियमचा, सस्पेन्शनवाला. मोटर जोर लावते तेव्हा तिचा अॅक्सल उलट्या दिशेने फिरायला बघतो आणि फोर्कची खाच फाकू शकते. चालत्या सायकलचं पुढचं चाक निसटलं तर काय होईल, सांगायला नको. म्हणून मोटर शक्यतो स्टीलच्या फ्रेमवर, आणि टॉर्क आर्म नावाची ती छोटी लोखंडी पट्टी लावूनच.

खरा हीरो: बॅटरी

पूर्ण किटमधला सगळ्यात महाग भाग म्हणजे बॅटरी. तुमची सायकल किती लांब जाणार, हे मोटर नाही, बॅटरी ठरवते. फंडा सिंपल आहे. व्होल्ट गुणिले अॅम्पिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. ३६ व्होल्ट आणि १० एएचची बॅटरी असेल, तर ३६० वॅट-अवर.

पॅडल मारत गेलं, तर शहरात किलोमीटरला साधारण १० ते १२ वॅट-अवर लागतात. माझे २२ किलोमीटर गुणिले १२, म्हणजे २६४. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करू नये, म्हणून ८० टक्केच वापरायची असं धरलं, तर ३३० लागतात. ३६० ची बॅटरी फिट! हाच प्रवास नुसत्या थ्रॉटलवर केला, तर किलोमीटरला १८ च्या आसपास खर्च येतो. एकूण ३९६, म्हणजे संध्याकाळी घर यायच्या आत बॅटरीने मान टाकलेली.

आणि चार्जिंगचा खर्च? फुल चार्जला अर्ध्या युनिटहून कमी वीज. वडापावसुद्धा महाग पडेल!

रात्री ती तुमच्या घरात झोपते

आता थोडं सीरियस. ही बॅटरी काढून आपण घरात आणतो, पलंगाशेजारी चार्जिंगला लावतो. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, ही फुटणार तर नाही ना?" आईचा प्रश्न बरोबर होता. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ माणसं गेली. त्याच वर्षी तिथे सर्टिफिकेट नसलेल्या ई-सायकली विकायला बंदी आली. आपल्याकडेही २०२२ मध्ये ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्यांनंतर बॅटरीचे नियम कडक झाले. पण गल्लीतल्या दुकानात जोडलेला पॅक कोण तपासणार? तुम्हीच.

मला एका दुकानात निम्म्या किमतीत १५ एएचचा पॅक दाखवला होता. आतले सेल कुठले, या प्रश्नावर उत्तर आलं, "सेल काय, सगळे सारखेच असतात." नसतात! जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेलही नवं प्लॅस्टिक चढवून विकले जातात. थोडा हिशोब केला तर ही लबाडी पकडता येते. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकमध्ये १० सेल ओळीने जोडलेले असतात. अडीच एएचचे सेल असतील, तर १० एएचसाठी अशा चार ओळी, म्हणजे ४० सेल. '१८६५०' हा नेहमीचा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा. म्हणजे नुसते सेलच दोन किलोच्या आसपास भरायला हवेत. या साइझच्या सेलवर ५-६ एएच छापलेलं दिसलं, तर 'थँक यू' म्हणून बाहेर पडा.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेट, अर्थात एलएफपी. वजनाला थोडी जास्त, पण तापली तरी सहजासहजी पेटत नाही आणि चार्जिंगच्या फेऱ्याही बऱ्याच जास्त टिकते. मला तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढायचं असतं, तरीही मी हीच घेतली. किलोभर जास्त उचलते, पण रात्री निवांत झोपते. लेड-अॅसिडच्या तीन बॅटऱ्या स्वस्त मिळतात, पण त्यांचं वजनच दहा-बारा किलो. तो विचार सोडा.

खरेदीला जाताना

• रोजचे किलोमीटर आणि सगळ्यात मोठा चढ लिहून न्या.

• बॅटरीत बीएमएस आहे ना, विचारा. जास्त चार्ज आणि शॉर्ट सर्किट यांपासून वाचवणारं सर्किट ते हेच.

• चार्जर बॅटरीबरोबरचाच वापरा. '३६ व्होल्ट'च्या लिथियम-आयनचा चार्जर ४२ व्होल्टचा, तर १२ सेलच्या एलएफपीचा ४३.८ चा. अदलाबदल म्हणजे आगीला आमंत्रण.

• ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर मागून घ्या.

• पावसासाठी कंट्रोलर आणि कनेक्टर वॉटरप्रूफ हवेत. पुण्याचा जुलै कुणाला माफ करत नाही.

• किटच्या पैशातून उरलं तर आधी नवे ब्रेक पॅड, मग डिस्प्ले.

• चार्जिंग दाराच्या वाटेत किंवा झोपताना नको. जागे असताना, डोळ्यांसमोर करा.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी "किती वॅट देऊ?" असं विचारलं, तर उलट विचारा, "आधी सेल दाखवा!"