जपाकुसुम आणि स्फटिक

भाद्रपद जवळ आला कीं अलिबागेच्या वाड्यांतून पहांटे परडी घेऊन फिरणारीं माणसें दिसूं लागतात. नारळी-पोफळींच्या कडेला, विहिरीपाशीं, कुंपणांत, जेथें तेथें जास्वंद फुललेली असते. आणि गणपतीच्या पूजेंत दूर्वांच्या जोडीला तांबडें फूल नसेल, तर घरांतील वडील माणसांना चैन पडत नाहीं. परंतु याच फुलांत एवढें काय आहे, असें नातवंडांनीं विचारलें म्हणजे "देवाला आवडतें" एवढ्यावर आपण त्यांची बोळवण करतों. अलीकडे तर, देव्हाऱ्यांत अमुक इतकीं फुलें ठेविलीं असतां धनलाभ होतो, अशींही उत्तरें कानांवर येतात. त्यांविषयीं न बोललेलेंच बरें.

अथर्वशीर्षांतील गणेशध्यानांत देवाचा वर्ण तांबडा, वस्त्र तांबडें, उटी तांबडी आणि पुष्पेंही तांबडीं सांगितलीं आहेत. मात्र कोणत्या फुलाचा नामनिर्देश तेथें नाहीं. कोंकणांत बहुतेक बारा महिने फुलणाऱ्या जास्वंदीनें तो मान आपल्या रंगाच्या बळावर मिळविला असावा. संस्कृतांत हिला जपा म्हणतात. अमरकोशांत ओड्रपुष्प असाही पर्याय आहे. (जपा म्हणजे जप, अशी व्युत्पत्ति कोणी सांगितल्यास मान डोलवूं नये, या शब्दाचें जवा असेंही रूप आहे.) नवग्रहस्तोत्रांत सूर्याला उपमा आहे ती याच फुलाची. आमच्या कुलाबा किल्ल्यांत राघोजी आंग्रे यांनीं 1759 मध्यें बांधलेल्या देवळांत गणेशपंचायतन आहे. ओहोटीच्या वेळीं पायीं जाऊन वाचकांनीं तें अवश्य पाहावें. तेथें गणपति आणि सूर्य एकाच ठिकाणीं असल्यानें एकच फूल दोघांनाही शोभून दिसतें. बंगाल्यांत हेंच फूल 'जबा' या नांवानें काळीमातेच्या गळ्यांत 108 फुलांच्या माळेंत असतें.

परंतु जास्वंदीचा खरा अर्थ आम्हांस पूजेच्या पोथींत सांपडला नाहीं, दर्शनग्रंथांत सांपडला. निर्मळ स्फटिकाजवळ जपाकुसुम ठेविलें कीं स्फटिक तांबडा दिसतो. फूल उचललें कीं तो पूर्वींसारखाच. वेदान्त्यांचा हा आवडता दृष्टांत. सांख्यसूत्रांत तर जपा व स्फटिक यांचें नांवच घेतलें आहे, आणि पुढें मार्मिक निर्णय दिला आहे कीं, तेथें खरा रंग चढत नाहीं, असतो तो केवळ अभिमान. शाळेंत हा दृष्टांत आम्ही अत्तराच्या कुपीच्या काचेच्या बुचानें दाखवीत असूं. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आपण तांबडी दिसतों हें काचेला कळतें का?" वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, परंतु सूत्रकारांना जें सांगावयाचें होतें तें त्या पोरानें नेमकें धरलें होतें. काच "मी तांबडी" असें म्हणत नाहीं. तें म्हणतो माणूस.

तीस वर्षें हें शिकवूनही आम्हांस तें कळलें नव्हतें, याचा पुरावा आमच्याच वाडींत होता. वांटणी झाली तेव्हां एक जुनी जास्वंद नेमकी सीमेवर आली. मूळ दादांच्या बाजूस, फांद्या आमच्या बाजूस. आम्ही पहांटे आमच्या बाजूचीं फुलें काढीत असूं. एके दिवशीं दादा कुंपणापलीकडून म्हणाले, "चोरीचें फूल देवाला पोंचत नाहीं." आम्हीं उत्तर दिलें, "मूळ तुमचें असेल, फूल देवाचें आहे." शास्त्रार्थ म्हणून दोन्ही वाक्यें वाईट नव्हतीं, पण तीं बोललीं गेलीं तीं शास्त्रासाठीं नव्हेत. अबोला दोन वर्षें चालला. गणपतीही दोन बसले. आरतीचा आवाज भिंतीपलीकडून ऐकूं येई आणि आम्ही आपला आवाज किंचित् चढवीत असूं.

तिसऱ्या वर्षीं मृगाच्या पावसांत वहिनी ओल्या गोणपाटांत गुंडाळलेली फांदी घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावजी, हिला बी धरत नाहीं. कोणीं दिल्याशिवाय ही दुसऱ्या अंगणांत जात नाहीं." एवढें बोलून त्या माजघरांत गेल्या. आम्ही फांदी हातांत घेऊन तसेच उभे राहिलों. जास्वंदीला सुगंध नाहीं, तिचें फूल सकाळीं उमलतें आणि बहुधा सायंकाळीं मिटतें, हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. ही गोष्टही ठाऊक होतीच. पण तिचा अर्थ करण्यास वहिनींना ना कोश लागला, ना भाष्य.

फांदी विहिरीच्या पन्हळीजवळ लावली. पुढच्या वर्षीं तिला पहिलें फूल आलें. तें आम्हीं आपल्या देवाला वाहिलें नाहीं. स्नान करून, सोंवळ्यानेंच, द्रोणांत घालून पलीकडे घेऊन गेलों. दादा पूजेला बसले होते. त्यांनीं मान वर केली नाहीं. डाव्या हातानें फुलांचें तबक मात्र आमच्याकडे सरकविलें.