शंभर गुण, अकरा अंगठ्या

२ मार्च १९६२ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. प्रेक्षक होते ४,१२४. सामना टीव्हीवर नव्हता, त्यामुळे चित्रफीत कुठेच नाही. उरलंय ते रेडिओ समालोचनाचं थोडंसं ध्वनिमुद्रण आणि '१००' लिहिलेला कागद हातात धरलेल्या विल्टचा एक फोटो. बास्केटबॉलमधला सार्वकालिक सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद पेटला की हा आकडा कोणीतरी टेबलावर आपटतंच. आपल्याकडे ब्रॅडमन की सचिन यावर जसं हिरिरीने भांडतात, तसंच तिकडे जॉर्डन की लेब्रॉन यावर भांडतात. भांडायला हरकत नाही, पण त्यासाठी वापरली जाणारी बरीचशी हत्यारं बोथट आहेत.

पहिलं हत्यार म्हणजे 'आकडे खोटं बोलत नाहीत'. खोटं बोलत नसतील, पण अर्धवट नक्कीच बोलतात. १९६१-६२ च्या मोसमात विल्टची सरासरी ५०.४ गुणांची होती. सामना ४८ मिनिटांचा आणि त्याची मैदानावरची सरासरी ४८.५ मिनिटं! जादा वेळेत गेलेले सामने धरले की हे कोडं सुटतं. तो जवळजवळ कधीच बाकावर बसला नाही. पण त्या काळी खेळ भन्नाट वेगाने चालायचा. एकेक संघ सामन्यात शंभराहून जास्त वेळा बास्केटकडे चेंडू फेकायचा आणि त्यातले जेमतेम ४३ टक्के आत जायचे. फेकी जास्त, चुका जास्त, म्हणजे रिंगवरून परतून हाती लागणारे चेंडू, अर्थात रिबाउंडही जास्त.

त्याच मोसमात ऑस्कर रॉबर्टसनने ट्रिपल-डबलची, म्हणजे तिन्ही बाबतींत दोन आकडी सरासरी राखली: ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास). हा पराक्रम पुन्हा व्हायला २०१६-१७ उजाडावं लागलं. रसेल वेस्टब्रुकचे आकडे होते ३१.६, १०.७ आणि १०.४. कागदावर रिबाउंड आणि असिस्टमध्ये रॉबर्टसन पुढे. पण त्याच्या काळी सरासरी संघाला सामन्यात सत्तरच्या आसपास रिबाउंड मिळत, वेस्टब्रुकच्या काळी चव्वेचाळीसच्या आसपास. ढोबळ हिशेबाने रॉबर्टसनच्या वाट्याला पाच-सहा रिबाउंडमागे एक आला, वेस्टब्रुकच्या वाट्याला चारांमागे एक. शिवाय रॉबर्टसन सामन्यामागे ४४ मिनिटं खेळायचा आणि वेस्टब्रुक ३५ हूनही कमी. आता उलट बाजू बघा. साठच्या दशकात असिस्ट देताना नोंद करणारे हात आखडता घेत, असं जाणकार सांगतात. म्हणजे रॉबर्टसनचे ११.४ आजच्या मापाने आणखी वाढतील. एकाच खेळाडूचा एक आकडा फुगलेला आणि दुसरा दबलेला!

हर्शीच्या सामन्याचंही तसंच. शेवटच्या सत्रात विल्टचे सहकारी चेंडू लवकर परत मिळावा म्हणून मुद्दाम फाउल करत होते, आणि विल्टकडे चेंडू जाऊ नये म्हणून प्रतिस्पर्धी न्यूयॉर्कवाले त्याच्या सहकाऱ्यांना फाउल करत होते. फ्री थ्रोच्या बाबतीत आयुष्यभर कच्चा असलेल्या विल्टने त्या रात्री ३२ पैकी २८ घातले, तेही दोन्ही हातांनी खालून चेंडू उडवून. पुढे ही पद्धत बावळट दिसते म्हणून त्याने सोडली. टक्केवारी घसरली, रुबाब राहिला. आणि पन्नासची सरासरी असलेल्या त्या मोसमात सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला बोस्टनच्या बिल रसेलला. तेव्हा ही मतं पत्रकार नव्हे, खुद्द खेळाडू देत.

दुसरं हत्यार: 'तेव्हाचे खेळाडू म्हणजे हौशे-नवशे'. हा आजच्या पोरांचा लाडका समज. विल्ट आणि रसेल दोघंही कॉलेजात उंच उडीतले तयार खेळाडू होते. तेव्हा एनबीए या अमेरिकी लीगमध्ये संघच नऊ, त्यामुळे एकाच तगड्या सेंटरशी मोसमात दहा-बारा वेळा गाठ पडायची. पायात कॅनव्हासचे बूट, प्रवास साध्या प्रवासी विमानाने. तरीही जुन्यांची भलामण करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कृष्णवर्णीयांना एनबीएत प्रवेश मिळाला तो १९५० मध्ये, आणि त्यानंतरही बरीच वर्षं किती जणांना घ्यायचं यावर अलिखित मर्यादा होती. परदेशी खेळाडूंचा तर पत्ताच नव्हता. आजच्या योकिचसारखा सर्बियन खेळाडू तेव्हा जन्मला असता, तर अमेरिकेत त्याचं नावही कोणी ऐकलं नसतं.

तिसरं हत्यार: 'नव्वदच्या दशकात बचाव म्हणजे बचाव होता.' धक्काबुक्की होती, हे खरं. समोरच्याला हाताने रोखून धरण्यावर कडक बंधनं आली ती २००४-०५ मध्ये. पण जॉर्डनच्या जवळजवळ संपूर्ण कारकिर्दीत झोन डिफेन्सला (माणसाऐवजी जागा राखण्याला) बंदी होती, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. ती बंदी उठली २००१-०२ मध्ये. आज बचाव करणारे आपला माणूस सोडून रिंगकडे सरकू शकतात, फक्त कोणालाही न रोखता तिथे तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. तीन गुणांच्या रेषेचं तर बोलायलाच नको: जॉर्डनच्या उभ्या कारकिर्दीत ५८१ थ्री-पॉइंटर, तर स्टीफन करीचे २०१५-१६ या एकाच मोसमात ४०२. जॉर्डनला जमलं नसतं असा याचा अर्थ नाही. तेव्हा त्याच्याकडून ते कोणी मागितलंच नाही.

आता अंगठ्या. अजिंक्यपदाची अंगठी हेच माप असेल तर वाद मिटलाच: तेरा मोसमांत ११ जेतेपदं मिळवणारा रसेल. पण असं म्हणणारा क्वचितच भेटतो. रॉबर्ट हॉरीकडे सात आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त, आणि हॉरी एकदाही ऑल-स्टार नव्हता. रसेलच्या बहुतेक जेतेपदांच्या वेळी बोस्टनला दोनच मालिका जिंकाव्या लागत, जॉर्डनला चार.

'जॉर्डन अंतिम फेरीत सहापैकी सहा, लेब्रॉन दहापैकी चार' हा युक्तिवाद मला सर्वांत आळशी वाटतो. जॉर्डन हरलाच नाही असं नाही. तो आधीच्या फेऱ्यांत हरला. १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षं त्याचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, मग तीन वर्षं डेट्रॉइटने वाट अडवली. बोस्टनविरुद्ध १९८६ मध्ये त्याने एका सामन्यात ६३ गुण केले, तो बाद फेरीतला विक्रम आजही आहे, आणि तो सामनाही त्याचा शिकागो संघ हरला. २००७ मध्ये बावीस वर्षांच्या लेब्रॉनने क्लीव्हलँडच्या बेताच्या संघाला अंतिम फेरीत नेलं आणि तिथे ते चारही सामने हरले. एक फेरी आधीच हरला असता तर त्याची टक्केवारी सुधारली असती. हे कसलं माप?

काही गोष्टी तर मोजल्याच गेल्या नाहीत. ब्लॉक आणि स्टील यांची अधिकृत नोंद सुरू झाली १९७३-७४ मध्ये. तोवर रसेल आणि विल्ट दोघंही निवृत्त झाले होते. अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९६९ ला सुरू झाला, रसेलच्या शेवटच्या वर्षी, आणि तोही मिळाला हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला. आज त्या पुरस्काराला बिल रसेलचंच नाव आहे.

मला विचाराल तर या भांडणात सर्वांत जास्त अन्याय होतो तो करीम अब्दुल-जब्बारवर. सर्वोत्तम खेळाडूचा मान सहा वेळा, हा विक्रम अजून मोडलेला नाही. जेतेपदं सहा, जॉर्डनइतकीच. अंतिम फेरीतला सर्वोत्तम १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये, चौदा वर्षांच्या अंतराने. तो कॉलेजात असताना तिथल्या स्पर्धांत डंकवरच बंदी आली. त्याच्या हातातला स्काय हुक, म्हणजे डोक्यावरून एका हाताने टाकलेला चेंडू, तेव्हापासून आणखी धारदार झाला. त्याच्या ३८,३८७ गुणांचा विक्रम लेब्रॉनने ७ फेब्रुवारी २०२३ ला मोडला. करीम चार वर्षं कॉलेजात घालवून बाविसाव्या वर्षी एनबीएत आला, लेब्रॉन शाळेतून थेट अठराव्या वर्षी. लेब्रॉनच्या गुणांत दोन हजारांहून जास्त थ्री-पॉइंटर आहेत, करीमच्या गुणांत फक्त एक. पण करीमने १,५६० सामन्यांत जे केलं, ते लेब्रॉनने १,४१० व्या सामन्यातच ओलांडलं, हेही त्याच हिशेबात लिहावं लागतं.