सोपे गाणे म्हणजे विकलेले गाणे का?

पांढुर्णा-सौंसरची आपली मुले नागपूर-पुण्याला शिकायला जातात, तिथे रॉक बँड ऐकतात. काही जण स्वतःही वाजवतात. त्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते : "तो बँड आता विकला गेला." ही तक्रार नेमकी काय, हे घरातल्या मोठ्यांनाही कळावे म्हणून हा लेख.

मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय मनासारखे वाजवणाऱ्या बँडला 'इंडी' म्हणतात. सुरुवातीला श्रोते मोजकेच असतात आणि त्यांना तो बँड घरचा वाटतो. पुढे मोठी कंपनी येते, आवाज गुळगुळीत होतो, चाली सहज ओठांवर बसतात आणि जुने श्रोते दुखावतात. अमेरिकेतला 'निर्वाणा' हा बँड सब पॉप ही छोटी कंपनी सोडून बड्या गेफेनकडे गेला. त्यांचा १९९१ चा 'नेव्हरमाइंड' जगभर खपला. १९९३ मध्ये त्यांनी खरखरीत आवाजाचा 'इन यूटेरो' काढला.

सोपे करावे की नाही, हा प्रश्न आपल्या संगीतालाही पडलेला आहे. राग तासभर रंगणारा, तर ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. गायकीच्या बाबतीत त्या अत्यंत काटेकोर, तरी त्यांनी तबकड्या दिल्या. त्यांची 'जात कहाँ हो' ही जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीतून अवकाशात गेली. त्या तबकडीवर भारतीय संगीताचा तेवढा एकच नमुना आहे. वेळ कमी झाला, पण गाणे हलके झाले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या राज्याशी नाते असलेले. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडच्या 'कंदिसा' या २००० सालच्या अल्बममध्ये 'मा रेवा' हे नर्मदाकाठचे पारंपरिक गीत आहे. बँडचे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. पुढे या बँडने 'ब्लॅक फ्रायडे' आणि 'पीपली लाइव्ह' या चित्रपटांसाठीही संगीत केले, श्रोते वाढले. तरी २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड'ची गाणी त्यांनी महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवरून फुकट दिली.

म्हणून पैसे मिळाले किंवा चाल सोपी झाली, एवढ्यावरून निकाल देऊ नये. कलावंतालाही घर चालवायचे असते. काय बदलले आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलले, हे पाहावे. जास्त लोकांनी ऐकावे म्हणून कलावंताने स्वतः केलेला बदल वेगळा आणि खपासाठी दुसऱ्याने करायला लावलेला बदल वेगळा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत सोपी भजने गायली. तो सोपेपणा हीच त्यांची ताकद होती. आज भजनात खंजिरीच्या जोडीला कीबोर्ड आला, की "भजनाचा ऑर्केस्ट्रा केला" असे आपण पटकन बोलून जातो. त्याआधी मुलांना जवळ बसवून एवढेच विचारू या : हा बदल तुम्हाला हवा होता, की कोणी करायला लावला?